डावीकडची टीं टीं

१ मार्च, शनिवार

आज नवी गाडी घरी आली आणि मी घरातला सर्वांत कमी शिकलेला माणूस झालो.

जुन्या गाडीत तीन काटे होते. वेग, पेट्रोल आणि इंजिनाचा ताप. त्यांतला एकच खरं बोलायचा, पण तो कोणता हे मला पाठ होतं. या गाडीत काटे नाहीतच, पडदा आहे. चालू केली की दिव्यांची अख्खी पलटण उजळते आणि एकेक करून विझते. विकणाऱ्या माणसाने समजावलं. सगळे विझले म्हणजे सगळं ठीक. नंतर लाल लागला तर तिथेच थांबायचं, पिवळा लागला तर लवकर दाखवून घ्यायचं, हिरवा किंवा निळा म्हणजे नुसती माहिती. मी म्हटलं, आमच्या घरात सत्तावीस वर्षं हीच पद्धत आहे. तो हसला नाही. ही सोबत होती, तीही हसली नाही.

ही गाडी लेकीच्या हट्टाची. मी बटणं, चेन आणि लेस विकत गावोगाव फिरतो. आठवड्यातले चार दिवस रस्त्यावर असतो. लेक म्हणाली, बाबा, आता सहा हवेच्या पिशव्या असलेलीच गाडी घ्यायची. शिवाय या गाडीला डोळे आहेत म्हणे. रस्त्यावरचा आपला पट्टा सोडून चाललात तर ओरडते. आरशात न दिसणाऱ्या भागात कुणी आलं तर आरशावर दिवा लावते. समोर कुणी आडवं आलं तर स्वतः ब्रेक मारते.

मग मी कशाला हवा, असं विचारलं. ‘हप्ते भरायला,’ ही म्हणाली.

४ मार्च, मंगळवार

नव्या गाडीतून पहिला फेरा. सकाळी निघालो तो टीं टीं. घाट उतरलो, टीं टीं. पुढच्या गावात दुकानासमोर गाडी लावताना तर गाडीने असा गळा काढला की दुकानदार बाहेर आला. त्याला वाटलं, रुग्णवाहिका आली.

मी गाडीचं नाव हेडबाई ठेवलं आहे. शाळेतल्या हेडबाईही अशाच होत्या. काय चुकलं ते सांगायच्या नाहीत, फक्त पट्टी आपटायच्या.

एक लक्षात आलं. बाईंची तक्रार कायम डावीकडची असते. उजवीकडे त्यांना जग मान्य आहे.

९ मार्च, रविवार

गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचायला घेतलं. चारशे पानं आहेत. इतकी वर्षं गाडी चालवून मला काहीच माहीत नव्हतं, हे आज कळलं.

सीटच्या वर डोकं टेकायला जी उशी असते ती झोपायला नसते. मागून धक्का बसला तर मान मोडू नये म्हणून असते आणि तिचा मधला भाग कानाच्या उंचीला हवा. माझी आजवर पाठीच्या वरच्या मणक्याला टोचत होती आणि मी तिला शिव्या देत होतो. पट्ट्याचा खालचा भाग पोटावरून नाही, कमरेच्या हाडावरून जायला हवा. हाड शोधायला मला वेळ लागला. ते आहे, पण बरंच आत आहे. आणि हवेची पिशवी फुगते ती इतक्या जोरात की तिच्यापासून वीतभर तरी लांब बसावं. मी तर कुणी हिसकावून नेईल अशा बेताने स्टिअरिंगला बिलगून बसतो.

हे सगळं हिला वाचून दाखवताना चहाचा कप सांडला. तिने तो माझ्या डाव्या हाताशी ठेवला होता, सांगितलंही होतं म्हणे. या आठवड्यातला हा दुसरा कप. दाराच्या चौकटीलाही डावा खांदा दोनदा आपटला, निळा डाग पडला आहे. वजन वाढलंय. दार तेवढंच राहिलं आणि मी रुंद झालो, यात दाराचा काय दोष?

१४ मार्च, शुक्रवार

गाडी दाखवायला नेली. तिथला मुख्य माणूस टाय लावतो, म्हणून तो टायवाला. मी त्याला सांगितलं, डावीकडचा डोळा बिघडलाय, रस्ता मोकळा असतानाही ओरडतो. त्याने यंत्र जोडलं, पडदा बघितला, डावा आरसा पुसला. मग स्वतः गाडी घेऊन मोठी चक्कर मारून आला. मी शेजारी बसलो होतो. हेडबाई चकार शब्द बोलल्या नाहीत.

लहान मुलं घरी रात्रभर खोकतात आणि डॉक्टरांसमोर गप्प बसतात, त्यातला प्रकार. मी तसं म्हणालो. टायवाल्याने अदबीने विचारलं, ‘काका, रोज तुम्हीच चालवता ना?’

या प्रश्नात काय दडलंय ते न कळायला मी काही दूधखुळा नाही. मी त्याला म्हटलं, तू जन्मायच्या आधीपासून चालवतोय. घरी येऊन हिला सांगितलं तर ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. आता अंगणातही टीं टीं वाजायला लागली, त्याला मी काय करू?

१९ मार्च, बुधवार

आज बरं वाटलं. नेहमीच्या एका दुकानात एक बाई लग्नाचा जुना ब्लाउज घेऊन आली होती. एक बटण हरवलेलं. दुकानदाराने चार प्रकारचे पांढरे दाखवले, एकही जुळेना. मी माझी पेटी उघडली. पांढऱ्याचे अठरा प्रकार आहेत माझ्याकडे. हस्तिदंती, मोतिया, सायीचा, दुधी, शिंपल्याचा. एका नजरेत नेमकं बटण उचलून दिलं. बाईने ते बाकीच्या बटणांशेजारी धरलं आणि मग कोणतं नवीन तेच तिला ओळखता येईना.

दुकानदार म्हणाला, ‘नजर असावी तर अशी.’ मी नम्रपणे मान्य केलं.

परतताना हेडबाई बोगद्यात दोनदा ओरडल्या. आवाज कमी करायचं बटण पुस्तकात शोधून ठेवलं आहे. लेकीला सांगणार नाही.

२७ मार्च, गुरुवार

आजचं सविस्तर लिहायला हवं, कारण आज मी आयुष्यात पहिल्यांदा चाक बदललं.

मेहुणीकडून परत येत होतो. ही शेजारी. एका वळणावर डावीकडे काहीतरी घासल्यासारखं झालं. ही म्हणाली, कडेचा दगड लागला. मी म्हटलं, दगड नव्हताच. ती मागे वळून बघत राहिली. थोड्या वेळाने पडद्यावर पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालात उद्गारचिन्ह. मी म्हणालो, पिवळा आहे, म्हणजे लवकर दाखवायचं, लगेच नाही. ही म्हणाली, घोडा कुणाचा आहे? तोवर डावीकडून थडथड सुरू झाली. घोडा आमचाच होता. डावं पुढचं टायर बसलं होतं.

पुस्तकात सगळं होतं. पुढाकार हिने घेतला. चारही इंडिकेटर लावले आणि लाल त्रिकोण घेऊन उतरली. मी त्रिकोण गाडीच्या मागे दोन पावलांवर ठेवायला सांगत होतो. ही म्हणाली, एवढ्या जवळ ठेवला तर मागच्या ट्रकवाल्याला तो आपल्या चेहऱ्यांसकटच दिसेल. आणि बरीच मागे, वळणाच्या अलीकडे जाऊन ठेवून आली.

मी हँडब्रेक ओढला, तिरक्या कोपऱ्यातल्या, म्हणजे उजव्या मागच्या चाकाला दगड लावला, स्टेपनी काढली आणि थाटात जॅक लावून गाडी उचलली. मग नट सोडायला गेलो तर पान्याबरोबर चाकच गरागरा फिरू लागलं. पुस्तक पुन्हा उघडलं. नट आधी ढिले करायचे, चाक जमिनीवर असताना. मग उचलायचं. हे ठळक अक्षरांत छापलं होतं, माझ्यासारख्यांसाठीच. गाडी खाली घेतली. पान्यावर उभा राहिलो. माझ्या वजनाचा आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग झाला.

नट हिच्या ओंजळीत होते. चाक चढवल्यावर मी हात पुढे केला आणि म्हणालो, अगं, नट दे ना. ती काही बोलेना. पुन्हा म्हणालो. मग वळून बघितलं तर ती माझ्या डावीकडे अगदी जवळ ओंजळ धरून बसली होती. म्हणाली, ‘मी मघापासून धरूनच बसलेय.’

मी म्हटलं, मग बोलायचं नाही का? तिने एकेक नट माझ्या हातावर ठेवला. नट हाताने बसवले, गाडी खाली घेतली, मग समोरासमोरचे असे आवळले. घरी येईपर्यंत ही गप्प होती. बायको गप्प बसली की आपलं काहीतरी चुकलेलं असतं. पण चाक तर मी व्यवस्थित बदललं होतं.

३० मार्च, रविवार

हिचं काहीतरी चाललंय. जेवताना माझी नेहमीची जागा बदलून मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. मीठ मुद्दाम डावीकडे ठेवलं आणि विचारलं, मीठ कुठंय? मी म्हटलं, तुझ्या घरात तुलाच माहीत नाही? संध्याकाळी फिरायला गेलो तर विचारते, कोपऱ्यावरच्या दुकानाबाहेर बसलेल्या बाईच्या मांडीवर काय होतं? मी म्हटलं, परक्या बायकांच्या मांड्या बघायची माझी रीत नाही. यावर एरवी हसली असती.

आणि लेकीशी फोनवर दार लावून बोलते. मी आत गेलो की हवामानाचा विषय निघतो. पुढच्या महिन्यात मला साठ पूर्ण होताहेत. दोघी मिळून काहीतरी बेत करताहेत हे उघड आहे. मला कळलंय हे मी दाखवणार नाही. ऐनवेळी आश्चर्य वाटल्याचा चेहरा कसा करायचा, याचा आरशासमोर सराव केला. पहिले दोन पोटदुखीचे वाटले.

३ एप्रिल, गुरुवार

लिहायला हात वळत नाही.

सकाळी शहरातून बाहेर पडताना डावीकडे वळायचं होतं. वेग कमी केला. आरसा बघितला, डावीकडे बघितलं, रस्ता मोकळा होता. वळायला लागलो आणि गाडीने आपणहून करकचून ब्रेक मारला. पट्टा छातीत रुतला. पेटीतली बटणं पाठीमागे सांडली. मला आधी रागच आला. वाटलं, आता हेडबाई पुरत्याच बिघडल्या.

मग बोनेटच्या डाव्या कोपऱ्यावर एक हात दिसला. सायकलवरची बाई. हाताने गाडी ढकलावी तशी तिने बोनेटवर पंजा टेकला होता. पडली नव्हती. मध्ये वीतभर जागा असेल. सायकलच्या मागे लहान मुलाची खुर्ची होती. ती रिकामी होती. हे मी तीनदा बघितलं.

मी काच खाली केली. दिसलाच नाहीत, असं काहीतरी बोललो. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. पण तिचा आवाज शांत होता.

‘तुम्ही माझ्याकडे बघितलंत,’ ती म्हणाली. ‘बघितलंत आणि वळलात.’

ती गेली. मी गाडी कडेला घेतली आणि बसून राहिलो. ती खोटं बोलत नव्हती. मी खरंच त्या बाजूला बघितलं होतं. तिथे रस्ता होता, झाडं होती, ऊन होतं. सायकल नव्हती.

फेरा रद्द केला. घरी परत येताना इतका हळू आलो की मागच्यांनी उद्धार केला. हेडबाईंचा आवाज मीच कमी करून ठेवला होता. तो पुन्हा पूर्ण केला. हिला सांगितलं, पोट बिघडलंय.

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी दाढी करताना उजव्या डोळ्यात साबण गेला. तो मिटला आणि उघड्या राहिलेल्या डाव्या डोळ्यासमोर आरसा होता, पण आरशात मी नव्हतो. म्हणजे नाक होतं. नाकाभोवती करडं धुकं. काजातून बघावं तेवढंच जग उरलं होतं. उजवा डोळा धुऊन उघडला, सगळं जागेवर. पुन्हा झाकला, पुन्हा काज.

हे कधीपासून आहे? मला माहीत नाही. दोन्ही डोळे उघडे असताना कळतच नाही. अंधारी नाही, डाग नाही, काही नाही. जे दिसत नाही, ते दिसत नाही हेच दिसत नाही. आणि मी टायवाल्याला सांगत होतो, डावा डोळा बिघडलाय. निदान बरोबर होतं. फक्त मालक चुकला होता.

साबण तोंडाला तसाच होता. मी स्वयंपाकघरात गेलो आणि हिला म्हटलं, पोट बिघडलं नव्हतं. सगळं सांगितलं, सायकल, खुर्ची, आरसा. तिने गॅस बंद केला. म्हणाली, मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, सकाळी साडेनऊला.

मी विचारलं, तुझ्यासाठी की माझ्यासाठी?

‘तुमच्याच नावाने. नट मागितलेत ना, त्याच संध्याकाळी घेतली.’

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुमच्या हातून गाडी काढून घ्यायचं मलाच बोलवेना. रोज ठरवायची आज सांगायचं. लेक तिला रागावत होती, उद्याच्या उद्या सांग म्हणून. तुम्ही सकाळी निघून गेलात की संध्याकाळी दार वाजेपर्यंत माझ्या जिवात जीव नसायचा, असं म्हणाली आणि मग रडली. मला तिच्यावर रागवायचं होतं. तोंडाला साबण लावून रागावता येत नाही.

वाढदिवसाचा काही बेत नव्हता, हे ओघाने आलंच.

८ एप्रिल, मंगळवार

दवाखान्यात जाताना गाडी शेजारच्या मुलाने चालवली, किल्ली मला देऊन तो पुढे कामाला गेला. डॉक्टरबाई वयाने लेकीएवढ्या. त्यांनी एका पांढऱ्या घुमटात माझी हनुवटी टेकवली, एक डोळा झाकला आणि हातात एक बटण दिलं. मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही आणि कडेला कुठे बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं. आयुष्यभर बटणं विकली, आज दाबायला बसलो.

उजवा डोळा बऱ्यापैकी झाला. डाव्याच्या वेळी बराच वेळ काहीच चमकेना. मी म्हणालो, मशीन बंद पडलंय वाटतं. त्या म्हणाल्या, नाही काका, चालू आहे.

त्यानंतर मी विनोद केला नाही.

काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस हळूहळू वाळत जाते, कडेकडून. दुखत नाही. मधली नजर शेवटपर्यंत चांगली राहते, म्हणून अठरा पांढरे ओळखता येतात आणि सायकल दिसत नाही. डाव्याचं बरंच गेलं आहे, उजव्याचं कडेने सुरू झालं आहे. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं टिकवायला रोज थेंब घालायचे, न चुकता, जन्मभर. चालताना मान पूर्ण वळवून बघायची सवय करायची.

मी विचारलं, आणि गाडी?

डॉक्टरबाईंनी हिच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेच बघितलं. म्हणाल्या, ‘नाही काका. आजपासून नाही.’

किल्ली खिशात होती. बाहेर आल्यावर काढून हिला दिली. रिक्षाने घरी आलो. रिक्षा डावीकडून कशी घासत चालली होती मला सांगता येणार नाही, मला दिसत नव्हतं. गाडी दवाखान्याबाहेरच राहिली.

१३ एप्रिल, रविवार

मी माझी कीव करण्यात पाच दिवस घालवले. हे काम मला चांगलं जमतं. साठीला टेकलेला, फिरणं बंद झालेला फिरता विक्रेता. कंपनीला कळवायला हवं. गाडी विकून टाकू, असं हिला म्हणालो. ती म्हणाली, बघू.

दुपारी ही दिसेना. संध्याकाळी फाटकाशी आवाज आला. दवाखान्याबाहेरची गाडी दारात उभी होती आणि उजव्या बाजूने ही उतरत होती. घामाने डबडबलेली. लायसन्स तिच्याकडे आहेच, लग्नाआधीपासून. चालवायची गरज मी कधी पडू दिली नव्हती. ती चार दिवस शिकवणीला जात होती, आणि मला वाटत होतं, शिवणाच्या वर्गाला जाते. मला जे दिसत नाही त्याचा दोष सगळाच काही डोळ्यांवर ढकलता येणार नाही.

मी विचारलं, गाडी काही बोलली का? ती म्हणाली, पट्टा लावायला विसरले तेव्हा एकदा. बाकी आम्हा दोघींचं पटलं.

१३ मे, मंगळवार

बरेच दिवस लिहिलं नाही. थेंब घालतो. डोळ्यापेक्षा माझ्या गालालाच जास्त औषध मिळतं, पण ही बोट धरून नेम लावून देते.

आज आमचा दोघांचा पहिला फेरा झाला. ही चालवते, मी डावीकडे बसतो, मांडीवर बटणांची पेटी. पेटी आधी मागच्या सीटवर ठेवली तर हेडबाईंना ती माणूस वाटली आणि पेटीला पट्टा लावायला सांगू लागल्या. निघाल्यापासून मी उजवा पाय जमिनीत रोवत होतो. एक ट्रक समोरून आला तेव्हा तर दोन्ही. ही समोर बघतच म्हणाली, तिकडे ब्रेक नाहीये. तिसऱ्या दुकानात बाईमाणूस बघून दुकानदाराने चहा मागवला. मला गेल्या वीस वर्षांत पाणी विचारलं नव्हतं. मागणीही जास्त मिळाली. कुणामुळे, हे विचारायचं मी टाळलं.

येताना घाट चढून वर आलो. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मान वळवायचा सराव करत होतो. डावीकडे, पूर्ण, खांद्याला हनुवटी लागेपर्यंत. आणि झाडांमधून पाणी चमकलं.

मी हिला थांबवायला सांगितलं. तिने आरसा बघितला, इंडिकेटर दिला, गाडी पक्क्या जागी कडेला घेतली, चारही दिवे लावले. रीतसर. मी विचारलं, हे तळं इथे कधीपासून आहे?

‘पहिल्यापासून,’ ती म्हणाली. ‘बहिणीकडे जाताना दर वेळी बघते मी.’

या रस्त्याने मी दर आठवड्याला गेलो आहे. तेव्हा डोळे शाबूत होते की नव्हते, की तेव्हा मी नुसता पुढच्या दुकानाकडे बघत होतो, कुणास ठाऊक. ते आता कुठल्याच मशीनवर कळायचं नाही.

थर्मासमधला चहा घेऊन दोघं उतरलो. कप तिने माझ्या उजव्या हातात दिला. मी मान वळवून बघितलं. तळं बरंच मोठं होतं. आणखी वळवली, तरी पाणी संपेना. मग पाय उचलून अख्खाच वळलो.